बिंदू नसलेला १९२१ चा रुपया: घरातली नाणी ओळखून ग्रेडिंग करून घेण्याचा अनुभव

देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात पितळी डबी, डबीत चांदीचे जुने रुपये आणि दर लक्ष्मीपूजनाला त्यांची आंघोळ. तुमच्याही घरी असं असेल, तर हे जरूर वाचा. गेल्या वर्षी जुलैत आमच्या सासूबाईंनी ठरवलं, की डबीतले रुपये आपल्या हयातीतच दोन मुलगे आणि लेक यांच्यात सारखे वाटून टाकायचे. "सारखे म्हणजे नगाला नग, त्यात काय डोकं लावायचं," असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात नणंदेच्या यजमानांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला: १९२१ चा बिंदू नसलेला रुपया, किंमत म्हणे लाखांत. डबीत १९२१ चा एक रुपया होता आणि त्यावर बिंदू, म्हणजे टांकसाळीच्या खुणेचा ठिपका, दिसत नव्हता. झालं! नगाला नग हा हिशेब तिथेच मोडला आणि नाण्यांची शहानिशा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी काही नाणेसंग्राहक नाही. इंदूरच्या एका शाळेत अकाउंट्स बघते, एवढाच काय तो आकड्यांशी संबंध. जुलैत सुरू झालेलं हे प्रकरण मार्चअखेरीला संपलं.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, सराफ्यातून. अर्थात दिवसा. रात्री गेलात तर त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि जिलबी मिळेल, चांदीवाला भेटणार नाही. पेढीवरच्या शेठजींनी मूठभर रुपये काट्यावर टाकले आणि म्हणाले, "भाभीजी, हम तो तोल से लेते हैं. छाप-वाप देखना शौकीनों का काम." माणूस सरळ होता. त्यांनी दोन गोष्टी फुकटात सांगितल्या. एक, कलदार (इंग्रजी अमदानीतला चांदीचा) रुपया म्हणजे बरोब्बर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, झिजलेला असेल तर थोडा कमी, पण जास्त भरला तर शंका घ्यायची. दुसरी, डबीतले दोन 'राणीछाप' हे रुपये नव्हेतच. दिवाळीला सराफ्यात मिळणारी दहा ग्रॅमची पूजेची नाणी ती. सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. काट्यावरचे आकडे दाखवले तेव्हा म्हणाल्या, "काटा त्याचा आहे ना."

म्हणून घरी स्वतःचा काटा आणला. दोन दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा खिशातला डिजिटल काटा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोन्ही मिळून हजाराच्या आत आलं. मुलाचा अभ्यासाचा टेबल लॅम्प होताच. एवढ्यावर अर्धं काम होतं. महागडा मायक्रोस्कोप घ्यायच्या भानगडीत पडू नका.

सासऱ्यांच्या ओळखीचे, बँकेतून निवृत्त झालेले एक काका रामबागेत राहतात. त्यांचं आयुष्य नाण्यांत गेलंय. ऑगस्टपासून मी रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. पहिल्याच दिवशी मी १९२१ चा रुपया पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला ठेवला. म्हणाले, "छाप नंतर बघू. आधी साल वाच. त्या साली हे नाणं कुठल्या कुठल्या टांकसाळीत पडत होतं, ते कॅटलॉगात बघ. मग नाण्याकडे वळ." पुढच्या सगळ्या प्रकरणात हा क्रम कामी आला. आपण नेमकं उलटं करतो. खूण असायला हवी त्या जागेकडे टक लावून बसतो, आणि तिथे तर काहीच नसतं. उत्तर असलंच तर उरलेल्या नाण्यात असतं.

मुळात खूण नसणं आणि खूण हरवणं या वेगळ्या गोष्टी. कोलकात्याच्या टांकसाळीने तर बहुतेक वेळा स्वतःची खूण घातलीच नाही. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे मागच्या बाजूला, अगदी तळाच्या कमळाखाली, टाचणीच्या टोकाएवढा उठावाचा बिंदू. तो नसेल तर रुपया कोलकात्याचा, इतकं ते साधं आहे. आजच्या चिल्लरीतही हाच प्रकार: सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा (ही टांकसाळ १९८८ पासूनची) आणि काहीच नसेल तर कोलकाता. म्हणजे 'मिंटमार्क गायब, दुर्मीळ नाणं' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं कोलकात्याचं साधं नाणं असतं. त्यात गायब काहीच झालेलं नसतं.

चिल्लरीत एक खोच आहे, ती सांगून ठेवते. हैदराबादची चांदणी झिजली की तिची टोकं जातात आणि उरतो तो ठिपका. लोक त्याला नोएडा म्हणून मोकळे होतात. १९८८ च्या आधीच्या नाण्यावर नोएडाचा ठिपका असूच शकत नाही, हे लक्षात ठेवलं की निम्मे घोळ जागच्या जागी मिटतात. शिवाय १९८५ चा रुपया परदेशातूनही पाडून आणला होता. त्यातल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीच्या रुपयावर एच आहे आणि ब्रिटनच्या रॉयल मिंटच्या रुपयावर चौकट आहे, पण ती सालाच्या पहिल्या आकड्याखाली. मुंबईची चौकट तिथे नसते. म्हणजे नुसती खूण बघून भागत नाही, तिची जागाही बघावी लागते.

आता पुसट खुणेकडे येते. काकांनी आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली: नाण्यावर जे उठून दिसतं, ते ठशात (ज्याच्या ठोक्याने नाणं पाडतात त्या साच्यात) खड्डा असतं. बिंदूसाठी ठशात बारीकसा खड्डा असतो. काम चालू असताना त्यात वंगण आणि धातूची कीस जाऊन बसली, की पुढच्या नाण्यांवर बिंदू पुसट येतो आणि खड्डा पुरता बुजला की येतच नाही. सातव्या एडवर्डच्या १९०३ ते १९१० च्या रुपयांचं मात्र उलटं आहे. त्यांवर मुंबईचा इंग्रजी 'बी' खोदलेला आहे, म्हणजे खड्डा नाण्यातच आहे. तिथे खूण दिसली नाही तर आधी मळाचा संशय घ्यायचा. आमच्या १९०६ च्या रुपयावर तळाशी काळपट गुठळी होती. काकांनी तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवायला सांगितला, मग अ‍ॅसिटोनमध्ये थोडा वेळ (खिडकी उघडी, गॅस बंद) आणि वर तंबी दिली: घासायचं नाही, कापसानेसुद्धा नाही. गुठळीचा थोडा भाग सुटला आणि तिरप्या उजेडात बी-ची वरची गोलाई दिसली. ती गुठळी म्हणजे बरीचशी जुनी हळद आणि कुंकू होतं!

१९२१ च्या रुपयाची पाळी सप्टेंबरात आली. कॅटलॉग उघडला तर चित्र स्पष्ट होतं. १९१२ ते १९२० च्या रुपयांना मुंबई आणि कोलकाता अशा दोन्ही नोंदी आहेत. १९२१ आणि १९२२ ला फक्त मुंबई. १९१८ च्या सुमारास रुपयांचा नुसता पूर होता. महायुद्धात चांदी अपुरी पडली, तेव्हा अमेरिकेने पिटमन कायद्याखाली आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून भारतासाठी चांदी दिली. पूर ओसरल्यावर १९२१ ला पन्नास-एक लाख आणि १९२२ ला वीस-एक लाख एवढेच रुपये पडले, तेही मुंबईत. आता व्हिडिओवाल्यांचा तर्क बघा: १९२१ फक्त मुंबईचा, मुंबईला बिंदू असतो, याला बिंदू नाही, म्हणजे हा कुणालाच माहीत नसलेला कोलकात्याचा रुपया, म्हणून लाखांचा! काका हसले आणि म्हणाले, "याच तर्काने माझ्या शर्टाचं बटण तुटलं की तो शर्ट दुसऱ्याचा होतो."

बिंदू न दिसण्याची तीन कारणं संभवत होती: झीज, खरवड, नाहीतर ठशातला बुजलेला खड्डा. लॅम्प टेबलाच्या कडेला अगदी खाली आणला, खोलीतला दिवा बंद केला, रुपया कडांना धरला आणि भिंगाखाली सावकाश फिरवला. झीज आधी बाद झाली. बिंदू कमळ आणि कड यांच्या मधल्या खोलगट जागेत असतो, म्हणजे बोटं सगळ्यात शेवटी पोचतात ती जागा. वरच्या पाकळ्यांच्या शिरा शाबूत आणि खालचा बिंदू मात्र झिजून गेला, असं होत नाही. मग खरवड. कोणी बिंदू काढला असता तर तिथे सपाट, चकचकीत चट्टा दिसला असता आणि बारीक ओरखडे एकाच दिशेने गेले असते. ठोका बसताना चांदी केंद्राकडून कडेकडे सरकते, त्या ओढीच्या बारीक रेघा चांगल्या नाण्याच्या मोकळ्या जागेत दिसतात. आमच्या रुपयावर त्या रेघा कमळाखालून न तुटता कडेपर्यंत गेल्या होत्या. राहिला बुजलेला खड्डा. उजेड जवळजवळ आडवा केल्यावर बरोबर बिंदूच्या जागी एक अगदी उथळ फुगवटा वर आला. नाणं जरा कललं की तो नाहीसा होई. मोबाइलने त्याचे फोटो घेताना मान आखडली, पण दोन बरे मिळाले. टीप: फोन स्टँडवर लावा आणि फिरवायचा तो उजेड फिरवा, नाणं जागेवर राहू द्या.

म्हणजे रुपया मुंबईचाच, फक्त बिंदू बुजलेला. नणंदेच्या यजमानांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "तज्ज्ञांचं काय म्हणणं आहे?" त्यांचंही बरोबर होतं. घरच्या घरी वहिनीने दिलेला निकाल वाटणीत कोण मानणार?

'बिंदू नाही म्हणजे कोलकाता' या नियमालाही अपवाद आहे, आणि तो आमच्याच डबीत निघाला. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया बिंदूसह आणि बिंदूविना, दोन्ही प्रकारचा मिळतो आणि कॅटलॉगात दोन्ही मुंबईचेच नोंदलेले आहेत. तिथे बिंदू नाही म्हणून कोलकाता म्हणायची सोय नाही आणि ठसा बुजला म्हणायचीही नाही. म्हणूनच आधी साल वाचायचं.

डबीत एक जुना होळकरी रुपयाही होता, मल्हारनगरचा, म्हणजे आपल्या इंदूरचाच. यावरची खूण शोधायला भिंग नको; चेहरा असलेला सूर्य आहे. महेश्वरच्या टांकसाळीची खूण पिंड आणि बेलाचं पान. पण ही नाणी हाताने ठोकलेली, ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे बरेचदा खूण नाण्याबाहेरच राहून जाते. आमच्या रुपयावर सूर्याचा एक डोळा आणि थोडे किरण एवढंच उतरलंय. ओळख पटायला ते पुरलं. जीपीओजवळच्या केंद्रीय संग्रहालयात जाऊन यायचं निमित्तही मिळालं.

आता ग्रेडिंग, म्हणजे नाणं किती चांगल्या स्थितीत आहे ते ठरवणं. दर्जा १ ते ७० या शेल्डन मापावर देतात. ६० पासून पुढे न वापरलेलं नाणं (एमएस), ५० ते ५८ म्हणजे जेमतेम झिजलेलं (एयू), ४० ते ४५ म्हणजे बरं. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या माळेत एक हत्ती आहे. मुकुट, राजाचा गाल आणि हा हत्ती या तीन ठिकाणी झीज आधी दिसते. (१९११ च्या रुपयावर याच हत्तीची सोंड आखूड आली, लोकांना ते डुक्कर वाटलं, गदारोळ झाला आणि १९१२ ला चित्र सुधारावं लागलं.) कमी दाबाच्या ठोक्याने हत्ती पुसट येतो आणि झिजूनही पुसट होतो. फरक चकाकीत आहे. ठोका कमी बसलेल्या जागी मूळची चकाकी टिकून असते, झिजलेली जागा राखाडी आणि गुळगुळीत होते. पुसट बिंदूमुळे ग्रेड कमी होत नाही, हे मला इथे कळलं. ग्रेड जाते ती वेगळ्याच कारणाने.

ते कारण म्हणजे रांगोळी. सासूबाई अभिमानाने सांगतात, "मी दर दिवाळीला चिंच लावून रांगोळीने घासायचे, लख्ख! आमच्या सासूबाईपण तेच करायच्या." भिंगाखाली प्रत्येक रुपयावर केसासारखे हजारो ओरखडे दिसतात, गोल गोल, अंगठा फिरला तसे. ग्रेडिंगच्या भाषेत हे 'क्लीन्ड', आणि मग नुसता आकडा मिळत नाही, 'डिटेल्स' असा शेरा पडतो. यावर आता इलाज नाही. पण त्यांना हे सांगायचं कसं? मी एवढंच म्हटलं, "आई, यंदा आपण फक्त अक्षता वाहू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रांगोळीचा डबा उचलून ठेवला.

नोव्हेंबरात मुंबईचा रस्ता धरला. ग्रेडिंगच्या मोठ्या कंपन्या अमेरिकेत आहेत आणि तिथे नाणी पाठवून देणारे व्यापारी मुंबईत बसतात. कुरियरचा विचार केला होता, पण काउंटरवर 'नाणी' म्हटल्याबरोबर त्यांनी पाकीट परत सरकवलं. शेवटी अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट काढलं, डबी पर्समध्ये आणि पर्स उशीखाली. व्यापाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला तो सालाचा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं 'पुरावशेष' ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, ग्रेडिंगसाठी आणि परत येणार असलं तरी. म्हणजे एडवर्ड, होळकरी आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो १९२१ चा रुपया, सगळे बाद! हे इंदूरहून निघण्याआधी फोनवर विचारून घ्या, कोणी आपणहून सांगत नाही. 'आम्ही बघतो, पाठवून देऊ' म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, अडकाल ते तुम्ही.

१९२१ साठी मग दुसरा मार्ग निघाला. त्याच व्यापाऱ्याने आणि आणखी एका जुन्या जाणकाराने रुपया समोर बसून पाहिला आणि लेटरहेडवर मत लिहून दिलं: मुंबई टांकसाळ, ठशातला बिंदू बुजलेला, पृष्ठभाग घासलेला, दर्जा साधारण ४५ च्या आसपास. किंमत १९२१ च्या दुसऱ्या कुठल्याही घासलेल्या रुपयाएवढी. प्रत्येकी हजार रुपये घेतले. हे मत म्हणजे ग्रेडिंग कंपनी देते तसं सीलबंद डबीतलं प्रमाणपत्र नव्हे, पण घरातल्या वाटणीला पुरेसं होतं.

अमेरिकेला दोनच नाणी गेली: १९३८ चा बिंदूविना रुपया आणि १९४४ चा एक. हा दुसरा डबीत कधीच नव्हता. सासऱ्यांनी तो कपाटात पाकिटात ठेवून दिला होता, त्यामुळे रांगोळीतून वाचला. त्याच्यावर तळाशी कसलीशी पुसट खूण होती, मुंबईची चौकट म्हणावी की काय अशी. काकांनी मात्र ऑगस्टातच सांगितलं होतं, "चौकट चारी बाजूंनी सारखी असते. ही डावीकडे जड आहे." उजेड उजवीकडून टाकला की उभी दांडी दिसे, आडवी जवळजवळ नव्हतीच. म्हणजे एल, लाहोर. फॉर्मवर मी तसंच लिहिलं. फॉर्मला साल, दर्शनी किंमत, टांकसाळ, जाहीर मूल्य आणि पॅन, आधारच्या प्रती लागतात. जाहीर मूल्यावर विमा ठरतो, तेव्हा ते उगीच फुगवू नका आणि फार कमीही लिहू नका. खर्च नाण्यामागे तीन हजारांच्या आसपास, त्यावर पाठवणीचा वाटा आणि जीएसटी. दोन नाण्यांना आठ हजारांच्या घरात गेलं. पावतीवर दोन्ही बाजूंचे फोटो जोडून घ्या.

मग वाट बघणं. डिसेंबरात काही नाही, जानेवारीत 'बॅच गेली', फेब्रुवारीत वेबसाइटवर नुसतं 'रिसीव्हड'. नणंदेचा दर आठवड्याला फोन, "काय झालं गं?" मार्चच्या मध्याला निकाल आला. १९३८ ला मुंबई, बिंदूविना, एयू डिटेल्स, क्लीन्ड. १९४४ ला लाहोर, एमएस ६२. काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "मी ६३ म्हटलं असतं," आणि दुसऱ्याच विषयावर गेले.

सरळ सांगायचं तर १९३८ चा रुपया पाठवायला नको होता, असं व्यापाऱ्याने आधीच सुचवलं होतं. घासलेल्या साध्या नाण्याला फीएवढीही किंमत वाढत नाही. पण घरच्यांना कागद हवा होता. चांदीचे साधे रुपये, चालू चिल्लर, घासलेली नाणी यांच्यावर हा खर्च करू नका. पुठ्ठ्याच्या दोन इंची होल्डरमध्ये ठेवा (पीव्हीसीचे मऊ पाऊच नकोत, ते चांदीला हिरवट चिकटा आणतात), वर पेन्सिलीने साल, वजन आणि खुणेची स्थिती लिहा: स्पष्ट, पुसट किंवा दिसत नाही. टांकसाळ खात्री असेल तेव्हाच लिहा, नाहीतर ती जागा मोकळी सोडा.

वाटणी गुढीपाडव्याला झाली. १९४४ चा स्लॅब (सीलबंद डबीतला रुपया) सासूबाईंनी स्वतःकडेच ठेवला, कारण तो सासऱ्यांच्या पाकिटातला. होळकरी रुपया थोरल्या जावेकडे गेला. बाकीचे साधे कलदार तीन ढिगांत नगाला नग. १९२१ चा नणंदेने मागून घेतला, लेटरहेडसकट. तिच्या यजमानांनी तो भिंगाखाली बराच वेळ फिरवला आणि विचारलं, "फुगवटा नेमका कुठल्या बाजूने दिसतो म्हणालात?"